झरवाड्याचा टँकरवाला जावई

जयवंत पालयेकरला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका भांडणात, आणि त्या भांडणात तो दोनच शब्द बोलला.

१९८५चा एप्रिल होता. मी झरवाड्याच्या सरकारी मराठी शाळेत शिकवत होते. डिचोलीहून मुळगावकडे जाताना डावीकडे खाणीचा लाल डोंगर लागतो, त्याच्या पाठीमागे ही लहानशी वस्ती. नावाप्रमाणे तिथे एक झर होती. खाणीचा खड्डा खोल गेला तशी ती आटली, आणि तेव्हापासून खाण कंपनी वाड्याला टँकरने पाणी देत होती. दिवाळी सरली की टँकर सुरू व्हायचा तो पावसापर्यंत.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जनेलातून पाहिलं, तर टँकर बाबलीच्या घरासमोर उभा. सगळ्या बायका कळश्या, घागरी, बालद्या घेऊन आलेल्या. नवा ड्रायव्हर पाइप हातात धरून उभा होता आणि पाणी कोणी घेत नव्हतं. आदल्या दिवशी टँकर आलाच नव्हता, शाळेतला माठसुद्धा कोरडा होता. तरी एकही भांडं पुढे सरकत नव्हतं. बाबलीच्या बायकोने तर आपली कळशी उचलून घरात नेऊन ठेवली होती.

चूक कोणती झाली ते मला कळत होतं, त्याला कळत नव्हतं. टँकर आधी शिवदासबाब गांवकारांच्या दारात थांबायचा, मग कृष्णनाथ गांवकारांच्या, मग इतरांच्या. सातेरीच्या देवळात प्रसाद ज्या क्रमाने दिला जातो त्याच क्रमाने. हा बिचारा रस्त्यावरून आत आल्यावर जे पहिलं घर लागलं तिथे थांबला होता. घर अगदी शेवटच्या मानाचं. आता मानाच्या घराआधी भांडं लावणार कोण?

त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग नळ बंद केला आणि टँकरच्या पायरीवर बसला. थर्मास काढला, कपात कोरा चहा ओतला. त्यात पुदिन्याची पानं तरंगत होती. आमच्याकडे कोणी असा चहा पीत नाही, त्यामुळे भांडण विसरून बायका तो चहाच बघत राहिल्या.

शेवटी शिवदासबाब अंगावर पंचा घेऊन फाटकापाशी आले. सत्तरीला टेकलेले, आवाज खणखणीत.

"कोणाच्या घरचो रे तू?"

तो उभा राहिला. "चंद्रावतीचो घोव," म्हणाला.

बायकांमध्ये हसू पसरलं. चंद्रावती म्हणजे झरवाड्याचीच मुलगी. तिच्या वडलांना अर्धांग झालं, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून नवरा-बायको नुकतीच इथे राहायला आली होती. म्हणजे हा वाड्याचा जावई. शिवदासबाबांच्या तोंडावरचा राग कुठे ठेवावा ते त्यांनाच कळेना. जावयाला रागावायचं कसं?

"जांवय? मग उन्हात कित्या बसलास?" असं म्हणून त्यांनी त्याला ओट्यावर नेलं आणि कोकमाचं सरबत दिलं. मग टँकर मागे घेऊन त्यांच्या फाटकाशी लावला, त्यांच्या सुनेने एक कळशी भरली, आणि वाड्याचं पाणी सुरू झालं. बाबलीच्या बायकोची कळशी सगळ्यांत शेवटी भरली.

शाळेचा माठ भरायला तो रोज आत यायचा. तिथे आमची ओळख वाढली. उंच, किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारा. मूळचा पेडण्यातल्या पालयेचा. तरुणपणी मुरगावच्या बंदरात ट्रकवर क्लीनर होता, तिथे गाडी शिकला, आणि तिथूनच कोणाच्या तरी ओळखीने कुवेतला गेला. दहा वर्षं राहून सासऱ्यांसाठी परत आला. तेव्हा खाणीवर ओळखीशिवाय काम मिळत नसे. त्याला टँकरचं काम मिळालं, तेही रोजंदारीवर, तरी चंद्रावतीने सातेरीला नारळ दिला होता.

कुवेतहून आलेले लोक सोन्याच्या आणि टेपरेकॉर्डरच्या गोष्टी सांगत. जयवंत एका म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगायचा.

त्या म्हाताऱ्याला सगळे अबू नबील म्हणत, म्हणजे नबीलचा बाप. तो पॅलेस्टाइनमधल्या एका डोंगराळ गावाचा निवडून आलेला नगराध्यक्ष. तिथे वर लष्कराचा अंमल होता, त्या अंमलदारांनी एके दिवशी त्याला सीमेबाहेर नेऊन सोडलं. फिरत फिरत तो कुवेतला हवल्ली भागात पुतण्याकडे येऊन राहिला. पुतण्या मोठा कंत्राटदार. जयवंत त्याच्याकडे ड्रायव्हर होता, त्याने जयवंत आणि एक मोटार म्हाताऱ्याच्या दिमतीला दिली.

"पयल्याच दिवशी म्हातारो फुडें बसलो, माझ्या बाजूक," जयवंत सांगायचा. "मी म्हटलं, साहेब मागे. तर म्हणालो, मागे बसल्यावर रस्तो दिसणा."

अबू नबीलला गाव नव्हतं, खुर्ची नव्हती, पण लोक त्याचं ऐकायला येत. दुसऱ्या नगराध्यक्षांची माणसं, मदत देणाऱ्या संस्थांचे साहेब, कॉलेजातली तापट पोरं. बैठका पुतण्याच्या दिवाणखान्यात व्हायच्या आणि त्यांतलं उरलेलं मोटारीत. अर्धं अरबीत, अर्धं जयवंतकडून उचललेल्या हिंदीत, राहिलेलं हातांनी. जयवंतला सगळं समजत नव्हतं, पण म्हातारा त्याच त्याच गोष्टी इतक्यांदा बोलायचा, की पाचव्या वर्षी जयवंत त्याची वाक्यं त्याच्या आधी पुरी करायचा.

त्यातली एक मला अजून आठवते. एका श्रीमंत देशाचे लोक त्या गावाला दवाखाना बांधून द्यायला आले होते. नकाशा तयार, दारावरच्या पाटीचा मजकूरही तयार. अबू नबीलने विचारलं, नर्सचा पगार कोण देणार? ते म्हणाले, तोही आम्हीच देऊ, दरवर्षी आमच्या पार्लमेंटने मंजूर केला की. त्यावर म्हातारा म्हणाला, "म्हणजे माझ्या गावातल्या बाईचं बाळंतपण तुमच्या पार्लमेंटला विचारून व्हायचं." दवाखाना त्याने घेतला नाही. त्याऐवजी गावातल्या मुलींना नर्सिंग शिकायला पाठवा म्हणून त्यांच्या मागे लागला. त्या शिकून येईपर्यंत बायका पूर्वीसारख्याच अडत राहिल्या, आणि लोकांनी त्याला शिव्या घातल्या. हेही अबू नबील स्वतःच सांगायचा, लपवायचा नाही.

मदत नको असं त्याचं म्हणणं नव्हतं. सगळी मदत झिडकारा म्हणणाऱ्या पोरांवर तो चिडायचा, येईल ती घ्या म्हणणाऱ्यांवरही चिडायचा. आपण आधी ठरवलेलं आणि सुरू केलेलं काम असेल तर त्याला हात लावू द्यावा, असं तो म्हणे. नाहीतर देणाऱ्याचं घड्याळ आपल्या घरात येतं आणि आपण त्याच्या वेळेला जेवायला लागतो. कारभाराबद्दल त्याचं मत आणखी साधं होतं. राज्य मिळेल तेव्हा मिळेल, गावातला कचरा आज उचलायला हवा. जो कचरा उचलतो, पाण्याची पाळी ठरवतो आणि ती स्वतःच्या भावालाही मोडू देत नाही, तो राज्य करायला शिकला. बाकीचं झेंडे आणि बँड.

मी एकदा जयवंतला म्हटलं, "म्हणजे हा पुतण्याच्या मोटारीत बसून दुसऱ्यांना हे सांगायचा?"

जयवंत हसला. "बाय, मी तेंका हेंच इचारलें. सिग्नलाक थांबलों होतों. म्हटलं, अबू नबील, तुमी तर पुतण्याचें खातात. तो म्हणालो, म्हणूनच माका खबर आसा."

त्या वर्षांत आमच्याकडे राज्याचीच बोलणी चालली होती. गोवा तेव्हा केंद्रशासित. घटक राज्य व्हावं, कोकणी राजभाषा व्हावी, मराठीचंही स्थान राहावं, यावर घराघरांत वाद होते. डिचोली-पेडणे म्हणजे मराठीचे तालुके. घरात आमची बोली, पण वाचणं, लिहिणं, देवाची आरती, नाटक सगळं मराठीत. मला माझ्या शाळेची काळजी वाटायची. उद्या मराठी शाळेत मूल कोण घालणार, असं सहशिक्षक विचारायचे. जयवंत ऐकून घ्यायचा आणि माठावर झाकण ठेवता ठेवता म्हणायचा, "राज्य जालें म्हणून झरीक पाणी येतलें काय?" त्याला बाजू नव्हती असं नाही. मराठी वर्तमानपत्र तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा. पण सभांपेक्षा त्याचं लक्ष पाण्याकडे जायचं.

१९८६च्या डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकलेली, बसगाड्या बंद. टँकरही बंद. पहिल्या दिवशी कोणाला फारसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका शेताखालच्या ओहोळाकडे गेल्या. तिथलं पाणी लाल, खाणीची माती मिसळलेलं. ते निवळत ठेवून वर वर काढून घेतलं. आंदोलन निवळून टँकर आला तेव्हा लोकांनी जयवंतला असं घेरलं, जणू तो गंगा घेऊन आला. तो मात्र खाली मान घालून पाइप जोडत होता.

देवळामागे सातेरीची बांय होती. म्हणजे विहीर. चिऱ्यात खोदलेली, तळापर्यंत पायऱ्या. तिचे झरे डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे, खाणीने ते तुटले नव्हते. पण पावसात खाणीची माती वाहून येऊन ती बांय अर्धीअधिक बुजली होती. पूर्वी दरवर्षी शिगमो झाल्यावर घरटी एक माणूस उतरून ती उपसायचा. टँकर येऊ लागल्यावर ते बंद पडलं. खरं तर टँकर हे निमित्त होतं. मातीची पहिली पाटी उचलायचा मान कोणाचा, यावर शिवदासबाब आणि कृष्णनाथ यांच्यात बिनसलं होतं. शिवदासबाबांचं घर थोरल्या शाखेचं, आणि बांयच्या पायऱ्या खोदल्या कृष्णनाथच्या आजोबांनी. एक आला तर दुसरा येणार नाही, आणि या दोन घरांशिवाय बाकीचे उतरणार नाहीत. दारात पाणी येत होतं, म्हणून हे भांडण कोणाला मिटवावंसं वाटलं नाही.

जयवंतने घरोघर जाऊन विषय काढायला सुरुवात केली. त्यावर एक दिवस चंद्रावती शाळा सुटायच्या वेळी माझ्याकडे आली. काटक बाई, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. लहानगी मुलगी ज्योती कडेवर.

"बाय, तुमी तरी सांगा तेंका. बांय भरली तर टँकर कोणाक होयो? आनि टँकर बंद जालो तर आमी खातलों काय?"

मी म्हटलं, त्याला हे माहीत नसेल का?

"माहीत आसा. हेंच तर वायट."

घरात अंथरुणाला खिळलेला बाप, लहान मूल, आणि खाणीवरचं दुसरं काम मिळण्याची शक्यता नाही. तिचं म्हणणं मला पटत होतं. मी जयवंतला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "चंद्रावती खरें तेंच सांगता." एवढंच. रागावला नाही आणि थांबलाही नाही.

शिगम्यानंतर देवळात बैठक झाली. बांय उपसायला हवी यावर सगळ्यांचं एकमत. मग कोणीतरी विचारलं, पहिली पाटी कोण उचलणार, आणि लोक छताकडे बघू लागले. एकाने सुचवलं, कंपनीला सांगूया, त्यांच्याकडे मशिनं आहेत.

"कंपनीन उपसली तर बांय कंपनीची जाली," जयवंत म्हणाला.

"आनि तू कोणाचो?" शिवदासबाबांनी विचारलं. "कंपनीचोच न्हय?"

सगळे हसले, जयवंतही हसला, आणि बैठक तिथेच संपली.

पुढच्या रविवारी सकाळी मी वाड्यात होते. शाळेच्या गॅदरिंगची तालीम होती. पोदेर पाव देऊन नुकताच गेला होता. तेवढ्यात बाबली देवळाकडून धावत आला, आणि दारोदार एकच वाक्य सांगत सुटला.

"जांवय बांयंत देंवला. खोरें घेवन."

आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. सासुरवाडीत जावई स्वतःचं ताट उचलत नाही. घरजावई असला तरी वाड्याच्या कामाला त्याला कोणी बोलावत नाही. देवळाचं छप्पर शाकारायचं असो की मांडव घालायचा असो, तो खुर्चीवर बसून सुपारी कातरतो. आणि हा जावई एकटा, कुवेतहून आणलेली अर्धी चड्डी घालून, गुडघाभर चिखलात उभा राहून सातेरीच्या बांयतली माती खणत होता. दुसऱ्या गावात ही बातमी गेली तर झरवाड्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. झरवाड्यात पुरुष उरले नाहीत, जावयाकडून विहीर उपसून घेतात, असं मये-मुळगावात म्हटलं गेलं असतं.

मी पोचले तेव्हा काठावर गर्दी जमली होती. शिवदासबाब उघड्या अंगाने ओरडत होते, "वयर सर. वाड्याची अब्रू काडटलो तू." पलीकडच्या अंगाने कृष्णनाथ आले. हे तसे मितभाषी, पण तेही वाकून हाका मारू लागले. कित्येक वर्षांत ही दोन माणसं एका कामासाठी एका जागी उभी राहिली नव्हती. चंद्रावती मागे, तोंडाला पदर लावून. ती रडत होती की हसू आवरत होती, मला सांगता येणार नाही.

जयवंतने वर पाहिलं. पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढून निम्म्यावर आला. तिथून ती वर धरली.

"कोण तरी हातांत घेयात. मान मोडता माझी."

शिवदासबाब आणि कृष्णनाथ दोघेही वाकले. ती पाटी कोणाच्या हाताने वर आली यावर दोन्ही घरांत आजही दोन मतं आहेत, आणि मी समोर असूनही माझं मत विचारलं तर देत नाही. तिच्यानंतर पुरुष धडाधड उतरले. कोणी घरी जाऊन कपडे बदलायलाही थांबलं नाही. जयवंतला हात धरून वर आणलं, पाय धुतले आणि देवळाच्या पायरीवर बसवलं. दुपारपर्यंत तो तिथे बसून चहा पीत होता, कारण त्यानंतर त्याला कोणी खोऱ्याला हात लावू दिला नाही.

पुढे रविवारामागून रविवार ते काम चाललं. मे महिन्याच्या तोंडाला तळाचा चिरा दिसला, आणि एका कोपऱ्यातून पाणी वर येऊ लागलं. थंड, किंचित लोखंडाच्या चवीचं.

मी जयवंतला विचारलं, हे तुला अबू नबीलने शिकवलं का? तो खूप हसला.

"अबू नबील? तो बांयंत देंवलो नसतो. तेका ब्लडप्रेशर होतें."

बातमी कंपनीत गेली. सुधीरबाब म्हणून कंपनीचे एक अधिकारी होते, स्वभावाने चांगले, शाळेला कपाटही त्यांनीच दिलं होतं. ते जीप घेऊन आले, बांय बघून खुश झाले. म्हणाले, कंपनी इथे पंप बसवून देईल, कठडा बांधील, वर पत्र्याचं छप्पर, आणि कंपनीच्या नावाची एक लहानशी पाटी. गांवकार एकमेकांकडे बघू लागले. पंपाचं नाव ऐकून बायकांचे चेहरे उजळले होते, ते मला दिसत होतं.

जयवंत टँकरशी उभा होता. बोलायची त्याची पाळी नव्हती. तरी पुढे आला.

"पंप आमी घेवया मागीर, आमच्या सवडीन," तो वाड्याला उद्देशून म्हणाला. मग सुधीरबाबांकडे वळला. "तुमी वयल्या बाजूक भिंत घाला. माती खाणीची, ती अडवची. ती मदत न्हय, तें तुमचेंच काम."

सुधीरबाबांनी विचारलं, "जयवंत, तू पगार कोणाचा घेतोस?"

"तुमचो. म्हणून तर तोंडार सांगतंय."

शिवदासबाबांनी घसा साफ केला आणि जावई म्हणतो तसंच होऊ दे, असं सांगितलं. कृष्णनाथांनी मान डोलावली. सुधीरबाबांनी शब्द पाळला, पावसाआधी भिंत झाली, पाटीशिवाय. आणि वाड्याला आता टँकरची गरज नाही, असा कंपनीचा निर्णयही झाला. तोही बरोबरच होता. टँकर खाणीच्या दुसऱ्या अंगाच्या गावाला दिला, तिथल्या माणसाला ड्रायव्हर म्हणून घेतलं.

तीस मेला गोवा राज्य झालं. पणजीला सोहळा, रेडिओवर भाषणं. कोकणी राजभाषेचा कायदा आधीच झाला होता, त्यामुळे आमच्याकडचा आनंद मोकळा नव्हता. काही घरांनी रेडिओ लावला, काहींनी लावला नाही. मी लावला होता. त्याच आठवड्यात जयवंतने टँकरची चावी कंपनीत नेऊन दिली आणि चालत घरी आला.

पुढचं वर्ष त्या घराला फार जड गेलं. कुवेतची पुंजी सासऱ्यांच्या औषधात संपली. जयवंत कधी काजूच्या ट्रकवर, कधी कोणाच्या लग्नाच्या गाडीवर. चंद्रावती सगळा पावसाळा त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाण्याला ती भर दुपारी जायची, बांयवर दुसरं कोणी नसेल तेव्हा. तुझ्या घोवाने पुण्य केलं, असं बायका म्हणतील ही तिला धास्ती. सगळ्या बायका तसं म्हणत होत्या असंही नाही. दारात येणारं पाणी याच्यामुळे गेलं आणि आता पायऱ्या चढायला लागतात, असं म्हणणाऱ्याही होत्या, आणि गुडघे दुखायचे ते त्यांचेच. जयवंत हे ऐकायचा.

मग त्याला डिचोली-म्हापसा मिनीबसवर काम मिळालं आणि घर सावरलं. मीही त्याच बसने जायचे. पुढची, त्याच्या बाजूची जागा तो माझ्यासाठी ठेवायचा. अबू नबीलच्या गोष्टी आता कमी झाल्या होत्या. नव्वद साली कुवेतवर युद्ध आलं, आणि आमचे गोंयकार विमानं भरभरून परतले. तेव्हा परत आलेल्या प्रत्येकाला तो गाठायचा. मांद्र्याचा एक माणूस हवल्लीत राहिलेला निघाला. त्याने सांगितलं, तिथली पॅलेस्टिनी माणसं पुढे बहुतेक जॉर्डनला गेली, घरांना कुलपं लागली. अबू नबील नावाचे तर त्या गल्लीत चार म्हातारे होते, कोणता म्हणून सांगू? जयवंत त्याला चहा पाजून घरी आला. त्यानंतर शोध घेतल्याचं मी ऐकलं नाही.

माझी शाळा पुढे पटावर मुलं उरली नाहीत म्हणून बंद झाली. माझी बदली झाली आणि नंतर मी निवृत्त झाले. खाण बंद पडली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरोघर सरकारी नळ आहेत, त्यांना येईल तेव्हा पाणी येतं. बांय मात्र शिगम्यानंतर दरवर्षी उपसतात. पहिल्या पाटीचा वाद गांवकारांनी आपल्या पद्धतीने सोडवला आहे. वाड्याच्या ज्या जावयाचं लग्न सर्वांत अलीकडे झालं असेल तो ती भरतो, आणि दोन्ही घरांची माणसं मिळून ती वर घेतात. मागच्या वर्षी पुण्याचा एक जावई आला होता, बूट काढू की नको ते त्याला कळत नव्हतं. शिवदासबाब आणि कृष्णनाथ दोघेही आता नाहीत. चंद्रावती आहे. बांयचा विषय निघाला की ती म्हणते, "एक वर्स उपाशी मारलें माका ह्या बांयन," आणि पाहुण्यापुढे त्याच पाण्याचा तांब्या ठेवते.

जयवंत पंच्याहत्तरीचा आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवत नाही. बुधवारी कदंबाच्या सरकारी बसने डिचोलीच्या बाजाराला येतो, मासे घेतो, आणि दुपारच्या बसने परत जातो.